खिळ्याची किंमत आणि ठोकलेल्या खिळ्याचा खर्च

हार्डवेअरच्या दुकानात साधा खिळा आजही किलोवर मिळतो. दुकानदार डब्यातून मूठभर खिळे काढतो, काट्यावर टाकतो आणि कागदात बांधून देतो. त्याच दुकानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या 'नेल गन'साठी लागणारे खिळे मात्र किलोने मागून मिळत नाहीत. ते पट्टीत किंवा वेटोळ्यात एकमेकांना जोडलेले असतात, खोक्यात बंद असतात आणि नगावर विकले जातात. खोक्यावर मापाच्या आकड्यासोबत 'एफ' किंवा 'टी' अशी अक्षरे छापलेली असतात. ग्राहकाने हे खोके कुतूहलापोटी वजन करून पाहिले, तर या खिळ्यांचा किलोमागचा दर सुट्या खिळ्यांच्या कितीतरी पट पडतो हे लक्षात येईल. पोलाद तेच, काम तेच. मग एवढा फरक का? आणि तरीही घरातील फर्निचर करणारा सुतार, सोफ्याचा कारागीर आणि लाकडी खोकी तयार करणारा कारखानदार हेच महाग खिळे का वापरतो? हा प्रश्न दिसतो क्षुल्लक. पण त्याच्या उत्तरात पोलादाचा बाजार, यंत्राचे शास्त्र, मजुरीचे गणित आणि थेट अमेरिकेच्या आयातशुल्काचे राजकारण दडलेले आहे.

बंदुकीला सुटा खिळा का चालत नाही?

नेल गनची रचना तत्त्वतः सोपी आहे. काँप्रेसरमधून नळीवाटे आलेली दाबाखालची हवा बंदुकीच्या पोकळीत साठलेली असते. हा दाब चौरस इंचाला साधारणतः ७० ते १२० पौंड एवढा असतो. घोडा ओढला की झडप उघडते, हवा दट्ट्यावर आदळते आणि दट्ट्याला जोडलेले पोलादी पाते खिळ्याच्या डोक्यावर प्रहार करते. हातोडीला जे काम करायला चार-पाच घाव लागतात, ते एका घावात होते. दट्ट्या मागे सरकताच स्प्रिंगच्या रेट्याने पुढचा खिळा जागेवर येतो.

या सगळ्या क्रियेला क्षणाचाही अवधी लागत नाही. म्हणूनच प्रत्येक खिळा हुबेहूब आधीच्या खिळ्यासारखा असावा लागतो. जाडी किंचित अधिक असेल तर तो नळीत अडकतो. कमी असेल तर तिरपा होतो. डोके एका बाजूला सरकलेले असेल तर पाते त्यावरून घसरते. हाताने ठोकताना सुतार वाकडा खिळा बाजूला टाकतो, बोटांनी धरून सरळ करतो. माणसाचे हे तारतम्य बंदुकीला नसते. सुतार आपल्या डोळ्यांनी जी निवड करीत असे, ती आता कारखान्यात आधीच करून ठेवावी लागते. सुट्या आणि जोडलेल्या खिळ्यांच्या किमतीतील फरकाचे पहिले कारण हे.

खोक्याच्या किमतीत काय काय असते?

खिळ्याचा जन्म पोलादी सळईच्या वेटोळ्यातून होतो. ही सळई एकाहून एक लहान छिद्रे असलेल्या साच्यांतून ओढून तिची हवी तेवढी बारीक तार काढली जाते. खिळ्याचे यंत्र ही तार पकडते, टोकावर प्रहार करून डोके घडवते, दुसऱ्या बाजूने चिमटून अणी काढते आणि खिळा खाली पाडते. साधा खिळा इथेच जवळजवळ पूर्ण होतो. त्याला स्वच्छ करायचे, चकाकी द्यायची आणि पोत्यात भरायचे.

बंदुकीच्या खिळ्याचा प्रवास येथून पुढे सुरू होतो. घरबांधणीच्या मोठ्या खिळ्यांना तिरक्या पट्टीत बसवून प्लॅस्टिकने, कागदी फितीने किंवा बारीक तारेने जोडतात. खोकी आणि पॅलेट बनविण्याचे खिळे दोन बारीक तारांवर वितळजोड देऊन वेटोळ्याच्या रूपात गुंडाळले जातात. फर्निचरच्या बारीक खिळ्यांची रीत आणखी वेगळी. तेथे अनेक तारा चपट्या करून शेजारी शेजारी ठेवतात, त्यांना डिंकासारख्या द्रव्याने चिकटवून एक सलग पट्टा तयार करतात आणि मग तो पट्टा कापून त्यातून डोके काढतात. अनेक खिळ्यांवर राळेचा पातळ थरही दिलेला असतो. खिळा लाकडात शिरताना घर्षणाच्या उष्णतेने हा थर वितळतो, वंगणाचे काम करतो आणि थंड होताच गोंदासारखा घट्ट धरतो. यातील प्रत्येक टप्प्याला यंत्र लागते, माणूस लागतो, आणि नापास झालेल्या मालाचा तोटाही किमतीत धरावा लागतो.

आता थोडे गणित करू. अमेरिकेत लाकडी घराचा सांगाडा उभारताना सव्वातीन इंच लांबीचा, ०.१३१ इंच जाडीचा खिळा सर्रास वापरतात. म्हणजे लांबी सुमारे ८२ मिलिमीटर आणि जाडी ३.३ मिलिमीटर. पोलादाची घनता लक्षात घेतली तर अशा एका खिळ्याचे वजन पावणेसहा ग्रॅमच्या आसपास भरते. याउलट आपल्याकडे लाकडी पट्ट्या बसविण्यासाठी वापरला जाणारा ३० मिलिमीटरचा 'एफ-३०' हा बारीक खिळा जाडीने एक ते सव्वा मिलिमीटर. त्याचे वजन जेमतेम ०.३ ग्रॅम. एका किलोत असे तीन हजारांहून अधिक खिळे बसतात.

समजा, तारेचा भाव किलोला ६० रुपये आहे. मग मोठ्या खिळ्यात सुमारे ३४ पैशांचे पोलाद असते आणि बारीक खिळ्यात दोन पैशांहून कमी. पाच हजार बारीक खिळ्यांचे खोके ५०० रुपयांना मिळाले, असे उदाहरणादाखल धरले, तर खिळा दहा पैशांना पडतो. त्यातील पोलादाचा वाटा पाचव्या हिश्शाहून कमी. उरलेले सगळे घडणावळ, जोडणी, वेष्टन, वाहतूक आणि नफ्याचे. म्हणजे किलोला ६० रुपयांची तार खिळ्याच्या रूपात ३३० रुपये किलोने विकली जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार!

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. पोलाद दहा टक्क्यांनी महागले तर बारीक खिळ्याच्या किमतीत सुमारे दोन टक्क्यांहून अधिक वाढ होण्याचे कारण नाही. जाड खिळ्याला मात्र पोलादाच्या भाववाढीचा चटका थेट बसतो, कारण त्याच्या किमतीचा मोठा हिस्सा धातूचाच असतो. तेव्हा 'पोलाद वाढले' एवढेच कारण देऊन कोणी बारीक खिळ्यांचे दर भरमसाट वाढवू लागला, तर ग्राहकाने हे गणित त्याच्यापुढे मांडायला हरकत नाही.

आवळा आणि कोहळा

बंदूक घेताना बहुतेकांचे लक्ष बंदुकीच्या किमतीकडे असते. खरे तर ती खरेदी एकदाच होते. खिळे मात्र आयुष्यभर घ्यावे लागतात. बंदुकीच्या कोठीचा कोन आणि माप ठरलेले असते, आणि तिला दुसऱ्या मापाची पट्टी चालत नाही. अमेरिकेत सांगाड्याच्या बंदुकांत २१ अंशांच्या प्लॅस्टिक पट्टीचे, २८ अंशांच्या तारजोड पट्टीचे, ३० ते ३४ अंशांच्या कागदी फितीचे आणि १५ अंशांच्या वेटोळ्याचे असे निरनिराळे पंथ आहेत. एका पंथाची बंदूक घेतली की दुसऱ्या पंथाचा खिळा, कितीही स्वस्त असला तरी, उपयोगाचा नाही. बंदूक स्वस्तात देऊन पुढे खिळ्यांवर कमाई करायची, हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यवहार त्यामुळे सहज शक्य होतो.

यावरचा उपाय म्हणजे ज्या मापाचे खिळे अनेक उत्पादक बनवतात, त्याच मापाची बंदूक निवडणे. १८ गेजच्या बारीक खिळ्यांच्या बाबतीत ही सोय मोठ्या प्रमाणावर आहे. सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचे हे खिळे बहुतेक बंदुकांत चालतात आणि स्पर्धेमुळे त्यांचे दर आटोक्यात राहतात. एखाद्याच कंपनीकडे मिळणाऱ्या मापाची बंदूक घेणारा मात्र त्या कंपनीच्या दरपत्रकाला कायमचा बांधला जातो. गॅसच्या कुपीवर चालणाऱ्या बंदुकांत तर खिळ्याबरोबर कुपीचाही खर्च प्रत्येक घावात मिसळतो.

तीनशे वर्षांचा हिशेब

खिळा ही आज नगण्य वाटणारी वस्तू एके काळी मौल्यवान होती. लोहार तापलेल्या सळईवर घाव घालून एकेक खिळा घडवीत असे. सतराव्या शतकात अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत लोक गाव सोडताना जुनी घरे जाळून राखेतून खिळे वेचून नेत. हा प्रकार थांबविण्यासाठी १६४५ मध्ये तेथे कायदा करावा लागला आणि घर न जाळणाऱ्याला तेवढे खिळे देण्याची तरतूद झाली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सन यांनी १७९४ मध्ये आपल्या माँटिसेलो येथील जहागिरीत खिळ्यांचा कारखाना काढला. तेथे दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले खिळे घडवीत. खिळ्याच्या किमतीत माणसाच्या घामाचा वाटा किती, हे सांगणारे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल सिशेल यांनी १६९५ पासूनच्या खिळ्यांच्या किमतींचा अभ्यास केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे, इतर वस्तूंच्या तुलनेत खिळ्याची किंमत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे दहा पटींनी उतरली. १८१० च्या सुमारास अमेरिकेच्या एकूण राष्ट्रीय उत्पादनात खिळ्यांचा वाटा ०.४ टक्के होता. आज तेथील कुटुंबे घरगुती संगणकावर जेवढा खर्च करतात, साधारण तेवढाच हा वाटा. पत्र्यातून कापलेला खिळा आणि त्यानंतर आलेला पोलादी तारेचा खिळा या दोन टप्प्यांनी ही स्वस्ताई आणली. तारेच्या खिळ्याने तर १८९० च्या दशकात कापीव खिळ्याला मागे टाकले.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र खिळा पुन्हा तुलनेने महागत गेला. पण नेमक्या याच काळात, १९५० च्या सुमारास, हवेच्या दाबावर चालणारी बंदूक बाजारात आली. महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीची लाट उसळली होती आणि जमिनीच्या फळ्या झपाट्याने ठोकणारे साधन हवे होते. पहिल्या बंदुका मिनिटाला ४० ते ६० खिळे ठोकू शकत. त्यामुळे दुकानातला खिळा महागला, तरी लाकडात बसलेला खिळा स्वस्त होत गेला. सिशेल यांनी याच भेदाकडे लक्ष वेधले आहे, आणि खिळ्याच्या अर्थशास्त्राचे मर्मही त्यातच आहे.

ठोकलेल्या खिळ्याचे गणित

हा भेद आपल्याकडील आकड्यांत मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून पाहावेत. समजा, सुताराची रोजची मजुरी ९०० रुपये आणि कामाचे तास आठ. म्हणजे मिनिटाला सुमारे १ रुपया ८८ पैसे. खिळा उचलणे, धरणे, ठोकणे आणि डोके आत दाबणे धरून हाताने मिनिटाला पाच खिळे बसत असतील, तर प्रत्येक खिळ्यामागे साडेसदतीस पैसे मजुरी पडते. सुटा खिळा पाच पैशांचा धरला तर एकूण खर्च साडेबेचाळीस पैसे.

बंदुकीने जागा बदलणे, नेम धरणे हे सगळे धरूनही मिनिटाला २५ खिळे बसतात असे मानू. मजुरी साडेसात पैसे, खिळा दहा पैसे. एकूण साडेसतरा पैसे. म्हणजे दुप्पट किमतीचा खिळा वापरूनही प्रत्येक खिळ्यामागे २५ पैसे वाचले. पाच हजारांच्या एका खोक्यामागे ही बचत साडेबाराशे रुपयांची होते. बंदूक आणि छोटा काँप्रेसर यांना मिळून २० हजार रुपये लागले असतील, तर ८० हजार खिळ्यांत, म्हणजे १६ खोक्यांत, ते वसूल होतात. विजेचा खर्च यात धरलेला नाही. दिवसाला तीन युनिटे लागली आणि दोन हजार खिळे बसले, तर तो खिळ्यामागे दीड पैशाच्या आसपास येईल.

वर्षातून एखादेच कपाट करणाऱ्या हौशी माणसाचे १६ खोके कधी संपायचे नाहीत. त्याला हातोडीच परवडते. रोज पट्ट्या आणि पाठफळ्या ठोकणाऱ्या सुताराची बंदूक मात्र काही महिन्यांत फिटते. पॅलेटच्या कारखान्याचे तर सगळे अर्थकारणच बंदुकीवर उभे असते. चाकण, वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींना लागणारी लाकडी खोकी आणि पॅलेट हातोडीने बनवायची म्हटली, तर ती वेळेवर मिळायची नाहीत आणि मिळाली तरी परवडायची नाहीत.

ही बचत कोणाच्या खिशात जाते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. काम अंगावर घेतले असेल, म्हणजे चौरस फुटाच्या दराने ठरले असेल, तर सुरुवातीला ती कंत्राटदार सुताराला मिळते. पण शेजारच्या चार सुतारांनीही बंदुका घेतल्या की स्पर्धेत दर उतरतात आणि बचत हळूहळू घरमालकाकडे सरकते. रोजंदारीवरच्या मदतनिसाला मात्र खिळे वेगाने बसल्याचा लाभ आपोआप होत नाही. उलट त्याचे कामाचे दिवस कमी होतात. यंत्र आले की हातांचे काय, हा जुना प्रश्न खिळ्याच्या अणीइतक्या बारीक जागेतही टोचतोच.

स्वस्त खोके महाग कसे पडते?

समजा, एका खोक्यावर ५० रुपये वाचतात म्हणून हलक्या दर्जाचे खिळे आणले. ही बचत खिळ्यामागे एक पैशाची. आता बंदूक एकदा अडकली की हवा तोडायची, तोंड उघडायचे, वाकलेला खिळा पकडीने काढायचा आणि पट्टी पुन्हा बसवायची. यात तीन मिनिटे गेली तर मजुरीचे साडेपाच रुपये गेले. पाच हजार खिळ्यांत अशा नऊ खोळंब्यांनी ५० रुपयांची बचत पार पुसली जाते. नऊ खोळंबे म्हणजे शंभरच्या पाच-सहा पट्ट्यांमागे एक. याहून अधिक वेळा बंदूक अडकत असेल, तर स्वस्त खोके तोट्याचे ठरले असे खुशाल समजावे. त्यात चिरफाळलेली पट्टी आणि झिजलेले पाते धरलेले नाही.

दुसरा छुपा खर्च खिळ्यांच्या संख्येचा. बंदुकीचे खिळे हातखिळ्यांहून बहुधा बारीक असतात. बारीक खिळा लाकूड फोडत नाही हा त्याचा गुण. पण आडव्या दाबाला तो कमी टिकतो. म्हणून अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत खिळ्याच्या जाडीप्रमाणे संख्या ठरवून दिलेली आहे. खांबाच्या टोकाला आडवी फळी जोडताना साडेतीन इंची, ०.१६२ इंच जाडीचे दोन खिळे चालतात; तीन इंची, ०.१३१ इंच जाडीचे वापरले तर तीन लागतात. दोनाऐवजी तीन म्हणजे नगांत थेट ५० टक्के वाढ. नुसता खोक्याचा दर पाहून अंदाजपत्रक करणारा येथे फसतो.

तिसरा खर्च गंजाचा, आणि तो काही वर्षांनी वसूल केला जातो. साधा चकचकीत खिळा कोरड्या खोलीतील कामासाठी ठीक. विजेच्या साहाय्याने जस्ताचा पातळ मुलामा दिलेला खिळा थोडी ओल सोसतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खिळ्यावरचा थर कितीतरी जाड असतो आणि तो उघड्यावर टिकतो. समुद्रकाठी मात्र गंजरोधक पोलादाचा खिळाच विश्वासाचा. तो सर्वांत महाग खरा. पण कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या कामाला साधा खिळा वापरणे म्हणजे दोन पावसाळ्यांनंतरच्या दुरुस्तीची आजच सोय करून ठेवणे होय. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकयुक्त रसायन मागे घेण्यात आले आणि त्याजागी तांब्याचे प्रमाण अधिक असलेली रसायने आली. तांब्याच्या सान्निध्यात साधे खिळे लवकर खंगू लागले, आणि जाड जस्ताचे महाग खिळे तेथे गरजेचे झाले. लाकडावरची प्रक्रिया बदलली आणि खिळ्याचा खर्च वाढला, असा हा दूरचा संबंध.

आयातशुल्काचा घाव

बंदुकीच्या खिळ्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका, कारण तेथील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची. आपल्या कारखानदारांना स्वस्त आयातीपासून वाचविण्यासाठी अमेरिकेने ऑगस्ट २००८ मध्ये चिनी खिळ्यांवर डंपिंगविरोधी शुल्क लावले. २०१२ मध्ये संयुक्त अरब अमिराती, तर २०१५ मध्ये दक्षिण कोरिया, मलेशिया, ओमान, तैवान आणि व्हिएतनाम येथील खिळ्यांची पाळी आली. एका देशाचा दरवाजा बंद करावा, तर माल दुसऱ्या देशाच्या दरवाजातून येतो, असा हा खेळ होता. २०२० मध्ये चिनी बनावटीच्या जोडलेल्या स्टेपल पिनांवरही असेच शुल्क बसले.

मार्च २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन पोलादाच्या आयातीवर २५ टक्के शुल्क लागू केले. १ जून २०१८ पासून ते मेक्सिकोलाही लागू झाले. त्याचा सर्वांत मोठा फटका बसला तो अमेरिकेतील खिळ्यांच्या सर्वांत मोठ्या कारखान्यालाच! मिसुरी राज्यातील पॉपलर ब्लफ या छोट्या शहरात मिड काँटिनेंट नेल या कंपनीचा कारखाना आहे. तिची मालकी मेक्सिकोच्या देअसेरो कंपनीकडे असल्याने कच्चा माल मेक्सिकोतून येई. शुल्क कच्च्या पोलादावर होते, तयार खिळ्यावर नव्हते. परदेशातून तयार खिळा आणणाऱ्याला ते भरावे लागत नव्हते. पोलाद आणून अमेरिकेत खिळा बनविणाऱ्याला मात्र भरावे लागत होते. कंपनीने दर वाढविताच काही आठवड्यांत मागणी जवळपास निम्म्याने घटली. सुमारे ५०० कामगारांपैकी ६० जणांना जून २०१८ मध्येच कमी करण्यात आले आणि पाठोपाठ आणखी कित्येकांनी धास्तीने नोकरी सोडली. ज्या देशी उद्योगाच्या नावाने शुल्क लावले, त्याच्याच मुळावर ते आले. मे २०१९ मध्ये मेक्सिको आणि कॅनडावरील शुल्क उठविण्यात आले.

ही विसंगती दूर करण्यासाठी फेब्रुवारी २०२० पासून तयार खिळे आणि स्टेपल पिनांवरही २५ टक्के शुल्क बसविण्यात आले. प्राइमसोर्स या आयातदार कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली. २०२१ मध्ये व्यापार न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत हे शुल्क पुन्हा सर्व देशांवर २५ टक्क्यांनी लागू झाले आणि ४ जून २०२५ पासून बहुतेक देशांसाठी ते ५० टक्के करण्यात आले. जाड खिळ्यात धातूचा वाटा किती मोठा असतो, हे वर पाहिलेच आहे. त्यामुळे असा निर्णय घराच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

जो खर्च बिलात नसतो

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा खर्च माणसाच्या शरीराचा. अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार तेथे नेल गनच्या इजांमुळे वर्षाला सुमारे ३७ हजार जणांना तातडीच्या उपचारासाठी रुग्णालय गाठावे लागत होते. हाताला व बोटांना होणाऱ्या इजा यात प्रामुख्याने असतात. घोड्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात घोडा दाबून ठेवायचा आणि बंदुकीचे तोंड लाकडावर आपटत जायचे. दर आपटण्याला एक खिळा सुटतो. दुसऱ्या प्रकारात आधी तोंड लाकडावर टेकवून मगच घोडा ओढावा लागतो आणि प्रत्येक खिळ्यासाठी ही क्रिया नव्याने करावी लागते. पहिल्या प्रकारात वेग अधिक, पण इजेचा धोका दुसऱ्याच्या दुप्पट, असे याच मार्गदर्शिकेत नमूद आहे.

वरच्या गणितात मिनिटाला २५ ऐवजी २० खिळे धरले, तर मजुरी साडेसात पैशांवरून साधारण साडेनऊ पैशांवर जाते. खिळ्यामागे दोन पैशांचा हा फरक. तळहातातून आरपार गेलेल्या एका खिळ्याने बुडणारा रोजगार, औषधपाणी आणि उमेदीच्या वयात अधू झालेले बोट यांच्यापुढे हे दोन पैसे काहीच नाहीत. रोजंदारीच्या कारागिराला पगारी रजा नसते, बहुधा विमाही नसतो. हा खर्च कंत्राटदाराच्या वहीत उमटत नाही; तो कारागिराच्या घरातून वसूल होतो. डोळ्यांना गॉगल, अडकलेला खिळा काढण्यापूर्वी हवेची नळी सोडविण्याची शिस्त आणि सुरक्षित घोड्याची बंदूक या तीन गोष्टींचा खर्च खोक्याच्या किमतीतच धरला पाहिजे.

म्हणून खिळ्यांचा दर विचारताना पाच प्रश्न स्वतःलाही विचारावेत. खोक्यात नग किती आणि नगाला किंमत काय? या मापाचे खिळे दुसऱ्या कोणत्या उत्पादकाचे मिळतात? माझ्या कामाला किती जाडीचे आणि किती खिळे लागतील? हे काम कोरड्यात आहे की ओलीत? आणि शंभरच्या पट्टीमागे बंदूक किती वेळा अडकते? यांची उत्तरे मिळाली की खोक्यावरचा आकडा गौण ठरतो. दुकानदार खिळा विकतो. आपण मात्र घट्ट बसलेला, न गंजणारा आणि कोणाच्याही हाताला इजा न करता ठोकलेला खिळा विकत घेत असतो. हिशेब करायचा तो त्या खिळ्याचा.